गिअर, जवस आणि आमचे थोरले साडू

आमच्या थोरल्या साडूंना भेटून आलेला माणूस घरी पोचल्यावर आधी तांब्याभर पाणी पितो, मग भिंतीला टेकून बसतो आणि बऱ्याच वेळाने 'पण हे असं कसं?' असं स्वतःशीच म्हणतो. अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात इतक्या शांतपणे आणि इतक्या सद्भावनेने माणसाला हादरवणारा दुसरा गृहस्थ नाही, हे मी पंचवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. मला पहिला हादरा लग्नानंतर पंधराच दिवसांत बसला. नवी सोयरीक म्हणून ते तिरोड्याला आमच्या घरी आले होते. आईने पोह्यांची बशी आणली, तर हे गृहस्थ खुर्चीवर नाहीत. फ्रीजच्या मागे उकिडवे बसले होते. सदऱ्याच्या खिशातून हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढून त्याचं टोक फ्रीजच्या पोटाला लावलं होतं आणि मूठ दातात धरून, डोळे मिटून, समाधी लावली होती. आई बशी घेऊन तशीच उभी. दोन मिनिटांनी त्यांनी पेचकस तोंडातून काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "तीन महिने." आईला वाटलं, हे घरातल्या कोणाच्या तरी आयुष्याविषयी बोलताहेत. ती रात्रभर झोपली नाही. बरोबर तिसऱ्या महिन्यात फ्रीज गेला, आणि तेव्हापासून साडू आले की आई आधी त्यांना पाट मांडायची आणि मग मला जेवायचं विचारायची.

पेचकस दातात धरण्यामागे कारण होतं. साडूंनी पस्तीस वर्षं गोंदियाच्या राइस मिलमध्ये फिटरकी केली. भाताच्या गिरणीत दिवसभर जो आवाज असतो, त्यात माणसाचे कान टिकत नाहीत. साडूंचेही टिकले नाहीत. पण दात शाबूत होते आणि लोखंडातून येणारी थरथर दातांना कळते, असा शोध त्यांनी तिथेच लावला. बेअरिंग गेलं की दाढेत मुंग्या येतात, पट्टा ढिला झाला की पुढचे दात शिवशिवतात, अशी त्यांची सगळी विद्या जबड्यात साठलेली. एकदा आमगावला सासुरवाडीच्या एका लग्नात, तिसरं मंगलाष्टक चालू असताना, हे मुठीतल्या अक्षता तशाच ठेवून मांडवामागे गेले, जनरेटरला दात लावले आणि तो बंदच करून टाकला. पंखे थांबले, भोंगा थांबला, भटजी 'शुभ' म्हणून अडकले. मुलीचा बाप धावत गेला, तर साडू म्हणाले, बेअरिंग जाऊन राहिली होती, दहा मिनिटांत पेटला असता. आणि उरलेल्या अक्षता त्यांनी तिथूनच, मांडवाच्या कनातीवरून, अंदाजाने टाकल्या. त्या भटजींच्या डोक्यावर पडल्या.

घरी त्यांच्या वस्तूंना जागा नाही. ज्या परातीत थोरली ताई, म्हणजे त्यांची बायको, कणीक मळायची, तीच त्यांची नट-बोल्टं धुवायची परात. एका दिवाळीत माझ्या करंजीत स्प्रिंग-वॉशर निघाला. मी दाताखाली आलेला तो वॉशर हातावर घेऊन चकित होऊन बघतोय, तर साडूंनी तो उचलला, उजेडात धरला आणि 'कवाचा शोधून राहिलो होतो' म्हणत खिशात टाकला. माझ्या दाताची चौकशी कोणी केली नाही. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी एक गिअरचं चाक होतं. ते तिथे कसं आलं ते कोणालाच माहीत नव्हतं, पण ताई रोज त्यालाही हळदकुंकू लावायची. धान मळायच्या दिवसांत कोणाच्या तरी मळणी यंत्राचं चाक तुटलं, तेव्हा साडूंनी ते देव्हाऱ्यातून काढून, कुंकवासकट, तिथे बसवलं. ताई महिनाभर बोलली नाही. सकाळी हात जोडताना आता कोणासमोर जोडते आहे ते कळत नाही, असं ती माझ्या बायकोला म्हणाली.

पण या सगळ्यापेक्षा मोठं म्हणजे त्यांचं तत्त्वज्ञान. मशीन आपणहून कधी बिघडत नाही, तिला कोणीतरी बिघडवतं, हा त्यांचा सिद्धान्त. म्हणून कुठेही दुरुस्तीला गेले की आधी यंत्राला हात लावायचे नाहीत. त्या यंत्राला ज्याचा ज्याचा हात लागला असेल त्या सगळ्यांना ओळीने खाली बसवायचं, मालक असो की हमाल, आणि एकेकाला विचारायचं, तू काय केलास. साडूंना ऐकू कमी येत असल्यामुळे ही चौकशी अर्ध्या गावाला ऐकू जायची. मी स्वतः एका गिरणीच्या मालकाला, पन्नाशीच्या, सोन्याच्या साखळीवाल्या माणसाला, पोत्यावर मांडी घालून कबूल करताना ऐकलं आहे की मोटारीवर ओला टॉवेल वाळत त्यानेच घातला होता. कबुली मिळेपर्यंत साडू पाना उचलत नसत. कबुली मिळाली की मात्र रागावत नसत. "सांगतलास ना, झालं," एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. लोक घाबरायचे पण बोलवायचे, कारण काम पक्कं असायचं.

निवृत्तीनंतर साडू गावी राहायला आले. त्यांच्या गावाला एक मोठा तलाव आहे, आणि तलावावर मासेमारांची एक संस्था. संस्थेने कुठूनतरी एक जुनी मोटर आणली. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लटकवायचं इंजिन, खाली पाण्यात पंखा. बोटीत बसणाऱ्याच्या हाताशी एक दांडा. दांडा पुढे ढकलला की बोट पुढे, मध्ये ठेवला की न्यूट्रल, मागे ओढला की रिव्हर्स. दांड्यापासून इंजिनापर्यंत प्लास्टिकच्या नळीत घातलेली तार, केबल, जाते आणि ती खालच्या गिअरला ओढते-ढकलते. साडूंनी आयुष्यात असलं यंत्र पाहिलेलं नव्हतं, पण एका दुपारी खोलून, पाहून, पुन्हा जोडलं, आणि त्यांनी सगळ्यांना आणखी एक धक्का दिला. ही मोटर चालवायला त्यांनी सिंधूबाईला निवडलं.

सिंधूबाई म्हणजे जाळी विणणारी, चाळिशीची, बोलायला फटकळ बाई. संस्थेत वीस पुरुष असताना साडूंनी तिलाच का निवडलं, असं उपाध्यक्षांनी विचारलं तेव्हा साडू म्हणाले की तिचा हात दांडा ओढत नाही, दांड्याला विचारतो. उपाध्यक्षांच्या मनात त्यांचा भाचा होता. पण साडूंच्या शब्दापुढे कोणी बोललं नाही. उन्हाळाभर साडूंनी तिला शिकवलं. घाटाला लागायच्या वीस हात आधी न्यूट्रल, मग किंचित रिव्हर्स, मग बंद. महिन्याभरात ती बोट अशी लावायची की घाटावरची बगळी उडत नसे.

आता माझा या गोष्टीत प्रवेश होतो, आणि तो मला सांगायलाच हवा. मी शाळेत चित्रकला शिकवतो. बोट लाकडी, तिच्यावर संस्थेचं नाव आणि नाकावर एक रोहू काढून द्या, असं साडूंनी मला सांगितलं. मी रविवारी रंगांचे डबे घेऊन गेलो. बोट काठावर पालथी होती, मोटर काढून बाजूला ठेवली होती. मी रोहूचे खवले काढत होतो आणि साडू केबलला तेल द्यायच्या खटपटीत होते. त्यांच्याजवळ इंजिन ऑइल होतं. पण ते तलावाजवळ इंजिन ऑइल सांडू देत नसत. मासोळीच्या कल्ल्यात जाते, म्हणायचे, आणि पाणी गाव पिते. इकडे-तिकडे बघता बघता त्यांची नजर माझ्या डब्यावर गेली. हे काय तेल आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जवसाचं. त्यांचा चेहरा खुलला. जवस म्हणजे घरचं, चटणीचं, गुडघ्याला चोळायचं; माशाला काय अपाय होणार? त्यांनी केबल उभी धरली आणि मी, माझ्या हाताने, डबा कलता करून धार सोडली. वरून ओतलेलं तेल खालच्या टोकाने थेंबथेंब येईपर्यंत. दोघांनाही फार समाधान वाटलं.

जवसाचं तेल रंगात कशासाठी घालतात, हे मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवत आलो आहे. ते वाळतं म्हणून. हवा लागली की ते आधी चिकट होतं, मग डिंकासारखं, मग कडक. खोबरेल वाळत नाही, जवस वाळतं, हे वाक्य मी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी त्याच तेलाने काढलेला रोहू कधी वाळेल याची वाट बघत मी तिथे बसलो होतो आणि तेच तेल केबलमध्ये ओतत होतो. वर्गातलं ज्ञान शाळेच्या फाटकाबाहेर माझ्यासोबत येत नाही, याचा यापेक्षा धडधडीत पुरावा मी देऊ शकत नाही.

पुढे दोनेक महिन्यांत सिंधूबाई म्हणायला लागली की दांडा जड होऊन राहिला. साडूंनी सांगितलं, हात नवा आहे, बसेल. मग तो दिवस आला. संस्थेचा काहीतरी कार्यक्रम होता, आणि उपाध्यक्ष पांढरेशुभ्र कपडे घालून, फोटोसाठी, बोटीच्या नाकावर उभे होते. घाट जवळ आला. सिंधूबाईने दांडा न्यूट्रलला आणला. बोट पुढेच. दांडा मागे ओढला. बोट पुढेच. तिने किल्ली बंद केली, पण पाण्यावर ब्रेक नसतो. बोट घाटावर धडकली, एक लाकडी खांब मोडला आणि उपाध्यक्ष हात जोडलेल्या अवस्थेत गुडघाभर पाण्यात आणि कंबरभर चिखलात गेले. कोणाला लागलं नाही. पण फोटो निघाला होता.

संध्याकाळपर्यंत ठरलं की बाईच्या हाती मशीन नको. रविवारी सकाळी सभा, त्यात सिंधूबाईला मोटरीवरून काढायचं आणि भाच्याला बसवायचं. फक्त रीत म्हणून साडूंना विचारायचं की दोष यंत्राचा की हाताचा. साडूंचा सिद्धान्त सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे उत्तर काय येणार हेही सगळ्यांना माहीत होतं. सिंधूबाईलाही. आदल्या दिवशी साडूंनी तपासणी ठेवली आणि मला बोलावलं. मी गेलो तर काठावर नेहमीची ओळ बसलेली: चौकीदार, दोन मासेमार, कोरडे उपाध्यक्ष, आणि टोकाला सिंधूबाई. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी मागं ओढली जी. दांडा आला, गाडी नाही आली. आता तुमी म्हनसाल हातच खोटा आहे, तर म्हना." साडूंना ते पहिल्यांदा ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आणि तिला ते सगळ्यांसमोर पुन्हा, मोठ्याने, सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला.

साडूंनी मोटर काठावर घेतली. आधी इंजिनाकडचं केबलचं टोक सोडवलं आणि सिंधूबाईला पंखा हाताने हळूहळू फिरवायला सांगून, स्वतः गिअरचा छोटा हात बोटांनी हलवला. टक्, पुढे. टक्, न्यूट्रल. टक्, मागे. लोण्यासारखा. मग खालचा स्क्रू काढून गिअरचं तेल बशीत घेतलं. आत पाणी गेलं तर ते दुधाळ होतं, पण हे स्वच्छ होतं. हाताशी असलेला दांड्याचा डबा खोलला, तोही ठीक. उपाध्यक्ष मान डोलवू लागले. आता यंत्रात काही राहिलं नाही, म्हणजे हातच. तेवढ्यात साडूंनी सुटी केबल मांडीवर घेतली आणि आतली तार ओढली. ती बोटभर आली आणि अडकली. आणखी जोर लावला तर नळी वाकली, तार हलली नाही; म्हणजे दांडा मागे येणार, पण नुसती नळी वाकणार, गिअरपर्यंत काहीच पोचणार नाही. त्यांनी केबलच्या तोंडाशी नख घातलं, पिवळा-तांबूस डिंकासारखा गोळा काढला, वास घेतला, जिभेवर ठेवला.

मला वासाचीही गरज नव्हती. तो रंग मी ओळखतो. माझ्या पॅलेटच्या कडेला तो कायम असतो. मी रोहूच्या शेपटीशी, बोटीला धरून उभा राहिलो. साडूंनी सवयीने ओळीकडे बघून विचारलं, याले तेल कोणं टाकलं? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मग केबल गुंडाळून पिशवीत टाकली. उद्या सभेत सांगतो, म्हणाले, आणि गेले.

रविवारी पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. मी पाहुणा, शाळेचे सर, म्हणून मला खुर्ची. उपाध्यक्षांनी ठराव मांडला. सिंधूबाई बायकांत मागे बसली होती आणि जमिनीकडे बघत होती. उन्हाळाभर पाण्यावर राहून तिची मान आणि हात रापले होते. साडू उठले. आयुष्यभर दुसऱ्यांना खाली बसवणारे साडू सतरंजीच्या मधोमध आले आणि, मला विश्वास बसला नाही, स्वतः खाली बसले. ओळीत बसवलेल्या माणसासारखे, मांडी घालून.

"दांडा मागं आला होता, बाई खरं बोलून राहिली," ते म्हणाले. "केबल जाम होती. तिच्यात जवसाचं तेल मी टाकलो. ते वाळते, मले माहीत नव्हतं. ती, दांडा जड झाला म्हने, त मी तिलेच म्हनलो, हात नवा आहे. गलती माझी आहे. ठराव करासाठी नाव पायजे असन त माझं लिवा."

केबल त्यांनी पुढे सरकवली आणि एकेकाला ओढून बघायला लावली. ती संपूर्ण पटांगणात फिरली. कोणालाच आतली तार हलवता आली नाही. उपाध्यक्षांनाही नाही. मागे कोणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले, कारण पस्तीस वर्षांत ज्यांना ज्यांना त्यांनी पोत्यावर बसवलं होतं त्यांतले निम्मे तिथे होते. केबल माझ्याही हातात आली. सगळे माझ्याकडे बघत होते. 'तेल माझं होतं, ओतलं मी, आणि ते वाळतं हे मला आधीपासून माहीत होतं,' इतकंच म्हणायचं होतं. मी केबल ओढून बघितली, मान हलवली आणि शेजारच्याला दिली. सिंधूबाई राहिली. नवी केबल आली.

साडूंना मात्र दुरुस्तीची बोलावणी कमी झाली. अजून कोणी भेटलं की विचारतं, भाऊ, कोणतं तेल टाकू? साडू सरळ तोंडाने सांगतात, जवस सोडून कोणतंही. जिथे जातात तिथे आता कोणाला ओळीने बसवत नाहीत. कोणी काय केलं ते विचारतही नाहीत. पेचकस दातात धरतात, गुपचूप दुरुस्त करतात आणि निघतात. मला ते बघवत नाही. माझ्या खिडकीच्या कूलरसाठी त्यांना मुद्दाम बोलावलं, मी, बायको, मुलगी अशी ओळ करून स्वतःहून खाली बसलो, तर ते म्हणाले, उठा मास्तर, फरशी गार आहे.

एकदा मी धीर करून विषय काढलाच. म्हटलं, साडभाऊ, त्या दिवशी मी उभं राहायला पाहिजे होतं. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा, मोठ्याने, सांगितलं. ते पान्यावरचं ग्रीस पुसत होते.

"ऐकलो मी पयल्यांदाच," ते म्हणाले. "तुमी उठले असते त लोक म्हनले असते, दोघं साडू मिळून बाईले वाचवून राहिले. एकट्याचं खरं वाटते."

हे त्यांना खरंच वाटत होतं, की मला मोकळं करण्यासाठी त्यांनी ते तिथल्या तिथे तयार केलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मला मोकळं करण्यासाठीच असावं. गेल्या महिन्यात मी तलावावर गेलो होतो. सिंधूबाईने मला पलीकडच्या काठापर्यंत फिरवून आणलं. घाटाच्या वीस हात आधी न्यूट्रल, किंचित रिव्हर्स, बंद. उतरताना तिने मला हात दिला आणि हसत म्हणाली, "मास्तर, तुमच्या साडूले सांगून ठेवजा. मानूस सोन्याचा आहे, पण माझ्या केबलले हात नाही लावाचा."

मी म्हटलं, सांगतो.